पेपरात होतं, म्हणून पैसे भरले

पस्तीस वर्षं सकाळच्या चहाबरोबर पेपर, तोही अग्रलेखापासून छोट्या जाहिरातींपर्यंत. आपल्याला कोण गंडवणार, अशी घमेंड होती. फसलो तो पेपर वाचायच्या सवयीमुळेच.

फेसबुकवर व्हिडिओ आला. ओळखीच्या चॅनेलचा स्टुडिओ, खाली धावती पट्टी, आणि अर्थमंत्री निर्मला सीतारामन एका योजनेबद्दल सांगतायत: 21,000 भरा, दरमहा लाखाच्या घरात कमवा. आवाज त्यांचाच. ओठ जरा मागेपुढे होत होते, पण मला वाटलं आपलंच नेट स्लो. खाली बोट लावलं तर मी रोज घेतो त्याच पेपरचं पान उघडलं. नावाची अक्षरं तीच, वर आजची तारीख, खाली 'विशेष प्रतिनिधी'. मग शंका कसली?

लगेच फोन आला. गोड हिंदी, वाक्यागणिक 'सर'. पैसे मात्र कुठल्याशा 'ट्रेडर्स'च्या खात्यावर. ॲपमध्ये नफा वाढताना दिसायचा. 2,000 काढून पाहिले, खात्यात आले. तिथेच मी गळाला लागलो. एफडी मोडून 1,80,000 टाकले. पुढे काढायला गेलो तर म्हणे, नफ्यावरचा 30 टक्के कर आधी आमच्याकडे जमा करा. आयकर असा ॲपवाल्याच्या खिशात भरत नाहीत, एवढं मला कळतं. कळलं तेव्हा उशीर झाला होता.

मुलाने ते पान परत उघडून दाखवलं. वेबसाइटच्या पत्त्यात एक अक्षर जास्तीचं. क्रिकेटच्या बातमीवर बोट ठेवा, हवामानावर ठेवा, उघडतो तोच पैसे भरायचा फॉर्म. तारीखही रोज आपोआप बदलायची, बातमी तीच. आणि गंमत अशी की जानेवारी 2024 मध्ये सचिन तेंडुलकरचा असाच बनावट व्हिडिओ फिरला, त्याने स्वतः तो खोटा असल्याचं सांगितलं, ती बातमी मी याच पेपरात वाचली होती. लोकांना हसलोही होतो. सीतारामन यांच्या नावाचे असे व्हिडिओ खोटे असल्याचं पीआयबी फॅक्ट चेकने, म्हणजे सरकारच्याच बातम्या पडताळणाऱ्या विभागाने, कितीदा तरी सांगितलंय. मी बघायला गेलो नाही. कशाला जाईन? पेपरातच आलं होतं ना.

1930 वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करायला लाजेपायी चार दिवस घालवले. ताबडतोब केला तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. माझे त्यातले जेमतेम 11,000 अडकवता आले. तुमचं असं काही झालं तर आधी फोन लावा, घरच्यांची बोलणी नंतर खा.

पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट खुपते. ती लिंक मी 'निवृत्त मित्रमंडळ' ग्रुपवर टाकली होती, वर 'पेपरात आलंय, खात्रीचं' असं लिहून. माझ्या भरवशावर शेजारच्या अण्णांनी 21,000 भरले. 'खोटं आहे, भरू नका' हा दुसरा मेसेज टाकला तेव्हा पहिला कुठल्या कुठे गेला होता.

अण्णा पैशांचं नाव काढत नाहीत. पूर्वी माझा पेपर वाचून झाला की ते न्यायला यायचे. आता येत नाहीत. परवा मीच नेऊन दिला, तर म्हणाले, "ठेवा तिकडं. त्यात तरी काय खरं असतंय!"