फूरिए की वेव्हलेट? भाचीच्या प्रोजेक्टच्या निमित्ताने

बडोद्याच्या कलाभवनात (तिथलं इंजिनिअरिंग कॉलेज) शेवटच्या वर्षाला असलेल्या भाचीने विचारलं, "मामा, 11 केव्ही फीडरवरचा फॉल्ट ओळखायला फूरिए घेऊ की वेव्हलेट?" फीडर म्हणजे सबस्टेशनातून वस्तीकडे वीज नेणारी लाइन, इथे 11 हजार व्होल्टची; फॉल्ट म्हणजे तिच्यातला शॉर्ट सर्किटसारखा बिघाड; आणि फूरिए व वेव्हलेट या विजेच्या लहरीतून तो हुडकायच्या दोन गणिती पद्धती. दांडिया बाजारातल्या घरी चहा निवला तरी उत्तर संपेना, म्हणून लिहूनच काढलं.

फूरिएचं काम सरळ. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचं. तेवढ्या वेळातले सॅम्पल, म्हणजे ठरावीक अंतराने मोजलेले आकडे, घ्यायचे आणि मूळ लहरीची उंची व कोन काढायचा. सेकंदाला हजार सॅम्पल घेतले तर आवर्तनामागे अवघे 20 आकडे. साधा मायक्रोकंट्रोलरही (छोटी संगणक-चिप) पेलतो. खोट एवढीच, की फॉल्टनंतर जवळजवळ आख्खं आवर्तन सरेपर्यंत आकडा पक्का होत नाही. त्यातून फॉल्टच्या करंटमधला ओसरत जाणारा डीसी (एकाच दिशेचा) भाग उत्तर हलवत राहतो.

वेव्हलेट सांगतं ते धक्का नेमका केव्हा बसला ते. उत्तरायणातलं (संक्रांतीच्या पतंगांचं) उदाहरण घे. धातूची पूड लावलेला मांजा दोन तारांवर पडतो, ठिणगी उडते, मांजा जळतो, ब्रेकर (फॉल्ट झाला की वीज तोडणारा स्विच) जागचा हलतही नाही. फूरिएच्या आलेखात नुसती जराशी सूज दिसेल. वेव्हलेटच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात झपाट्याचे बदल टिपणाऱ्या पातळीवर मात्र त्याच क्षणी काट्यासारखं टोक उभं राहतं. पण सेकंदाला दहा हजार सॅम्पल घेतले तर ही पातळी साधारण अडीच ते पाच हजार हर्ट्झ पाहते; हजारावर ते टोक हाती लागायचं नाही. आणि सबस्टेशनात कपॅसिटर बँक (व्होल्टेज सावरणारा कपॅसिटरांचा संच) चालू केली तरी तस्संच टोक येतं! उलट व्होल्टेज शून्यातून जात असताना फॉल्ट झाला, तर टोक बोथट.

तार तुटून कोरड्या जमिनीवर पडली की करंट इतका कमी, की जादा करंट दिसला तर ब्रेकर उघडायला लावणारा ओव्हरकरंट रिले ढिम्म. तिथल्या आर्कची (हवेतून उडत राहणाऱ्या ठिणगीची) कुरकुर पकडायला मी वेव्हलेटकडे झुकेन.

फॉल्टचं अंतर काढायच्या फंदात पडू नकोस. ओव्हरहेड तारेवर लहर एका मायक्रोसेकंदात सुमारे 300 मीटर जाते, म्हणजे हिशोब मायक्रोसेकंदांचा, आणि ती फीडरच्या प्रत्येक फाट्यावरून परत उसळते.

नुसतं सिम्युलेशन असेल तर वेव्हलेट, पण कपॅसिटरच्या केसेस घालूनच. खऱ्या सर्किट बोर्डावर चालवून दाखवायचं असेल तर फूरिए.

"हार्डवेअरला मार्क जास्त आहेत," ती म्हणाली.

मग फूरिए.