नर्सरीचं बिल आणि दोन सरकारी वाटा: युनिव्हर्सल क्रेडिट की टॅक्स-फ्री चाइल्डकेअर?

ब्रिटनमध्ये मूल नऊ-दहा महिन्यांचं झालं, आईची रजा संपत आली, की घरात नर्सरीच्या बिलाची चर्चा सुरू होते. २००३ साली आलेल्या चाइल्ड टॅक्स क्रेडिट आणि वर्किंग टॅक्स क्रेडिट या मदतयोजना ५ एप्रिल २०२५ ला कायमच्या बंद झाल्या. आता बेताच्या पगारावर घर चालवणाऱ्यांसमोर दोन वाटा आहेत, युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नाच्या घरांना दर महिन्याला मिळणारी सरकारी मदत) आणि टॅक्स-फ्री चाइल्डकेअर (मूल सांभाळण्याच्या बिलात सरकारचा वाटा). दोन्ही एकाच वेळी घेता येत नाहीत.

मी पाहिलेल्या अनेक मराठी घरांत हा निर्णय आकडेमोडीआधीच झालेला असतो. टॅक्स-फ्री चाइल्डकेअर म्हणजे कर भरणाऱ्याला मिळालेली सवलत, आणि युनिव्हर्सल क्रेडिट म्हणजे ‘बेनिफिट’ (सरकारी भत्ता), जॉब सेंटर नावाच्या सरकारी कचेरीत जाणं, लोक काय म्हणतील. या संकोचापायी महिन्याला शेकडो पौंड सोडून देणारी, दोघंही राबणारी कुटुंबं पाहिली की जीव तुटतो. त्यांच्या पगारातूनही कर कापला जातोच ना.

टॅक्स-फ्री चाइल्डकेअर समजायला सोपं आहे. ऑनलाइन खात्यात तुम्ही ८ पौंड भरले की सरकार २ घालतं, म्हणजे बिलाचा पाचवा हिस्सा सरकारचा. एका मुलामागे तिमाहीला जास्तीत जास्त ५०० पौंड, दिव्यांग मुलासाठी १,०००. पैसे बिल भरायच्या आधीच खात्यात येतात, ही मोठी सोय. मात्र दर तीन महिन्यांनी ‘आमची परिस्थिती तीच आहे’ असं ऑनलाइन कळवावं लागतं. ते विसरलात तर सरकारचा हिस्सा थांबतो.

युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये बिलाच्या ८५ टक्के धरतात. २०२५-२६ मध्ये त्याची कमाल मर्यादा एका मुलासाठी महिन्याला १,०३१.८८ पौंड आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी १,७६८.९४ पौंड होती. ८५ विरुद्ध २० असा सरळ सामना मात्र नाही. ही रक्कम वेगळी हातात पडत नाही. ती जोडप्याची मूळ रक्कम, मुलाची रक्कम आणि घरभाडं यांच्यात मिळवतात आणि त्या एकूण बेरजेतून तुमच्या पगारानुसार कपात होते. २०२५-२६ मध्ये भाडं धरलं असेल तर दोघांच्या हातात येणाऱ्या महिन्याच्या पगारातले पहिले ४११ पौंड सोडत, नसेल तर ६८४. त्यापुढच्या प्रत्येक पौंडामागे ५५ पेन्स वजा.

२०२५-२६ च्या दरांनी एक उदाहरण घेऊ. पंचविशी ओलांडलेलं जोडपं, दोघंही नोकरीला, दोन वर्षांचं एक मूल, फुकट तास वगळून नर्सरीचं उरलेलं बिल महिन्याला ९०० पौंड. (इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२५ पासून कमावत्या पालकांना मूल नऊ महिन्यांचं झाल्यापासून आठवड्याला ३० तास फुकट मिळतात, वर्षातले ३८ आठवडे. कुठलीही वाट धरली तरी ते मिळतात.) घर भाड्याचं, आणि युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये भाड्यापोटी १,१०० पौंड धरले. मूळ रक्कम ६२८.१०, मुलाची २९२.८१, नर्सरीची ७६५. बेरीज सुमारे २,७८६. दोघांचा मिळून हातातला पगार ३,००० असेल तर कपात १,४२४ आणि मिळतात जवळपास १,३६२ पौंड. टॅक्स-फ्रीमध्ये पाचवा हिस्सा १८० होतो, पण तिमाहीच्या ५०० च्या मर्यादेमुळे याच कुटुंबाला महिन्याला मिळाले असते सुमारे १६७. पगार ४,५०० वर गेला तरी युनिव्हर्सल क्रेडिट ५३७ देतं. दोन्ही वाटा समसमान होतात ते पगार ५,१७० च्या आसपास पोचल्यावर.

आता याच कुटुंबाचं घर स्वतःचं आहे आणि बँकेचे हप्ते चालू आहेत असं समजा. हप्त्यासाठी या बेरजेत काही धरत नाहीत. मग ३,००० पगारावर मिळतात ४१२, ३,४५० च्या आसपास दोन्ही सारखे, आणि ३,७५० ला युनिव्हर्सल क्रेडिट शून्यावर. म्हणून मला कुणी विचारलं की मी पगाराच्याही आधी विचारते, घर भाड्याचं की स्वतःचं?

दुसरा प्रश्न आपल्या लोकांसाठी त्याहून नाजूक आहे. भारतात काय आहे? टॅक्स-फ्री चाइल्डकेअर बचतीकडे बघतच नाही. युनिव्हर्सल क्रेडिटला मात्र ६,००० पौंडांपुढच्या बचतीवर कात्री लागते आणि १६,००० च्या वर काहीच मिळत नाही. रुपयांत ही मर्यादा जेमतेम अठरा-एकोणीस लाखांची. यात पुण्यातला फ्लॅट, सहकारी बँकेतली एफडी, सगळं येतं. फ्लॅटच्या किमतीतून विक्रीखर्चाचे दहा टक्के आणि त्यावरचं कर्ज वजा होतं, तरी पिंपरीतला दोन खोल्यांचा फ्लॅटसुद्धा सहज मर्यादेबाहेर जातो. एक सूट आठवणीत ठेवा: त्या घरात आई किंवा वडील कायमचे राहत असतील आणि ब्रिटनच्या पेन्शन क्रेडिटच्या (म्हणजे तिथल्या सरकारी पेन्शनच्या) वयाला पोचले असतील, तर ते घर मोजत नाहीत. काहीही असो, फॉर्मवर लिहायचंच. ‘तिकडचं इकडे कुणाला कळतंय’ हा सल्ला ऐकू नका. नंतर वसुली होते आणि खटलाही भरला जाऊ शकतो.

व्हिसाचं थोडक्यात. स्किल्ड वर्कर व्हिसावर दोघंही असाल आणि त्यावर सरकारी निधीला मनाई असेल, तर ही दोन्ही दारं बंद आहेत. एकाला आयएलआर (ब्रिटनमध्ये कायम राहण्याची परवानगी) किंवा नागरिकत्व असेल तर त्याच्या नावावर युनिव्हर्सल क्रेडिट मागता येतं, पण मूळ रक्कम एकट्याची धरतात आणि पगार व बचत दोघांची. अशा घरांनी आधी इमिग्रेशन सल्लागाराशी बोलावं. इथे चूक महागात पडते.

कामाचे तास हाही फरक आहेच. टॅक्स-फ्रीसाठी दोघांपैकी प्रत्येकाने आठवड्याला १६ तासांच्या किमान वेतनाइतकं, म्हणजे २०२५-२६ च्या दराने एकवीस वर्षांवरच्यांनी तिमाहीला सुमारे २,५३९ पौंड कमवायला हवेत. दुकानात आठवड्याला दहा तास काम करणाऱ्या आईला ते दार उघडत नाही. युनिव्हर्सल क्रेडिटला दोघंही कामावर असली की पुरे, किती तास याची अट नाही.

युनिव्हर्सल क्रेडिटची खरी अडचण वेळेची. पहिले पैसे यायला पाच आठवडे लागतात आणि नर्सरीचे पैसे आधी खिशातून भरून मग मागावे लागतात. नवी नोकरी लागली असेल किंवा तास वाढले असतील तर पहिल्या बिलासाठी जॉब सेंटरकडे ‘फ्लेक्सिबल सपोर्ट फंड’ मागा, ते कर्ज नाही. आणि सहज बघू म्हणून युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज करू नका, कारण ते सुरू झालं की टॅक्स-फ्री थांबतं. आधी एन्टायटल्डटू किंवा टर्नटूअस या संकेतस्थळांच्या कॅल्क्युलेटरवर आपले आकडे घालून बघा.

हा हिशोब एकदाच करून भागत नाही. सरकारी आकडे दरवर्षी एप्रिलमध्ये बदलतात. मूल शाळेत गेलं आणि आफ्टर-स्कूल क्लबचं बिल ३०० पौंडांवर आलं, तर २०२५-२६ च्याच दरांनी वरच्या भाडेकरू कुटुंबाचा समसमान होण्याचा आकडा ५,१७० वरून ४,४४० वर उतरतो आणि स्वतःच्या घरवाल्यांचा ३,४५० वरून २,७१० वर.