मोहोळ तालुक्यातील वस्तीवरचे फायबर इंटरनेट : सोळा महिन्यांचा अनुभव

सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यात आमची वस्ती आहे. तिथे सोळा महिन्यांपूर्वी एका स्थानिक केबल व्यावसायिकाकडून आम्ही 50 एमबीपीएसची फायबर जोडणी घेतली. महिन्याला 499 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे 589 रुपये पडतात.

वेगाबद्दल माझी तक्रार नाही. दिवसा 45च्या पुढे वेग मिळतो, रात्री आठ ते दहा या वेळेत तो 30पर्यंत उतरतो. अपलोडही जवळपास तितकाच मिळत असल्याने पुण्यातील कंपनीचे काम घरून करणाऱ्या आमच्या सुनेला मीटिंगसाठी आता गच्चीवर जाऊन रेंज शोधावी लागत नाही. एवढ्या एका गोष्टीसाठीही ही जोडणी घेण्यासारखी आहे.

खरी अडचण तारेच्या शेवटच्या टप्प्यात आहे. 2011मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या योजनेचा भर ग्रामपंचायतीपर्यंत फायबर पोहोचवण्यावर होता. आपल्याकडे मात्र निम्मे गाव रानात, वस्त्यांवर राहते. आमच्यापर्यंतची तीन किलोमीटर तार खांबांवरून ओढलेली आहे आणि रस्ता ओलांडताना ती इतकी खाली लोंबते, की कारखाना सुरू झाला की उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉलीत अडकून ती हमखास तुटते. दोन गळीत हंगामांत असे तीनदा झाले. तुटलेली फायबर विजेच्या तारेसारखी पिळून जोडता येत नाही. काचेचा केसाएवढा धागा स्प्लायसिंग मशीनने वितळवून सांधावा लागतो, आणि हे मशीन व ते चालवणारा माणूस अनेक गावांत मिळून एकच आहे. राउटरवरचा लाल दिवा एकदा सलग चार दिवस तसाच राहिला. त्या चार दिवसांचे पैसे बिलातून वजा झाले नाहीत, हे मला गैर वाटते.

लाइट गेल्यावर राउटर चालावा म्हणून 12 व्होल्टचा छोटा यूपीएस आम्ही स्वतः आणला. मात्र गावातील मुख्य पेटीला पुरेसा बॅटरी बॅकअप नसल्याने तासाभरानंतर त्याचाही उपयोग राहत नाही. जोडणी घेताना वेगापेक्षा या बॅकअपची आणि दुरुस्तीला लागणाऱ्या दिवसांची चौकशी आधी करावी.

दिवाळीपूर्वी उंच खांब रोवून रस्त्यावरची तार वर घेण्याचे व्यावसायिकाने कबूल केले आहे. तसे झाले तर वर्षाचे पैसे एकदम भरेन, नाहीतर दर महिन्यालाच भरत राहीन.