अफवा कानावर आली की आधी ‘एडगर’ उघडा

बँकेच्या ऑडिट खात्यातून निवृत्त झाले, तरी तळटिपा वाचायची सवय काही सुटली नाही. एलआरएसमधून, म्हणजे परदेशात पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून, अमेरिकी चिप कंपन्यांचे थोडे शेअर घेतलेत. त्यांच्यासाठी मी सतत वापरते ती ‘एडगर’ ही वेबसाइट. अमेरिकेच्या एसईसीची, म्हणजे तिथल्या शेअर बाजार नियामकाची; कंपन्यांनी भरलेली कागदपत्रं तिथे असतात. पैसे नाहीत, लॉगिन नाही. ‘इनसायडर बाइंग अलर्ट’ (कंपनीतल्या वरिष्ठांच्या खरेदीची सूचना) म्हणून दरमहा पैसे घेऊन जे विकलं जातं, त्याचा कच्चा माल इथलाच.

मी बघते तो फॉर्म 4. संचालकाने किंवा बड्या अधिकाऱ्याने स्वतःच्या कंपनीचे शेअर घेतले-विकले की कामकाजाच्या दोन दिवसांत तो भरावा लागतो. तिकडे रात्री दहापर्यंत हे फॉर्म स्वीकारतात, त्यामुळे पुण्यात सकाळच्या चहापर्यंत सगळं हजर असतं. खरी मेख तक्त्यातल्या एका अक्षरात आहे. ‘पी’ म्हणजे पैसे मोजून केलेली खरेदी. ‘ए’ म्हणजे कंपनीने दिलेले शेअर, ‘एफ’ म्हणजे बहुतेक वेळा करापोटी कापलेले. चिप कंपन्यांत वरिष्ठांना मोबदल्याचा मोठा भाग शेअरमध्येच मिळतो, म्हणून ‘ए’ आणि ‘एफ’ ढिगाने दिसतात, ‘पी’ क्वचित.

‘पी’ दिसला तरी कागद पुढे वाचायचा. मार्च 2025 मध्ये लिप-बू टॅन इंटेलचे सीईओ झाले आणि त्यांनी सुमारे अडीच कोटी डॉलरचे शेअर घेतले. केवढा हा विश्वास, असं वाटेल. पण एडगरवरच कंपनीचा फॉर्म 8-के, म्हणजे महत्त्वाच्या घडामोडी कळवायचा फॉर्म, आहे: पहिल्या 30 दिवसांत तेवढ्या रकमेचे शेअर घेणं नेमणुकीच्या अटींतच होतं. पैसा त्यांच्या खिशातला, म्हणून मी त्याला मोल देते, पण आपणहून केलेल्या खरेदीइतकं नाही. त्याआधी ऑगस्ट 2024 मध्ये शेअर एका दिवसात 26 टक्के कोसळल्यावर तेव्हाचे सीईओ पॅट गेल्सिंगर यांनीही सुमारे अडीच लाख डॉलरची खरेदी केली होती. डिसेंबरमध्ये ते पदावर नव्हते.

आता विलीनीकरणाच्या कुजबुजीचं. सप्टेंबर 2024 मध्ये क्वालकॉम या दुसऱ्या चिप कंपनीने इंटेल विकत घेण्याबद्दल विचारणा केल्याची बातमी आली आणि इंटेलचा शेअर चढला. अशा वेळी ‘मर्जरची बातमी आहे, वर आतल्यांचीही खरेदी, म्हणजे दुहेरी खूण’ असं सांगणारे भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. बोलणी खरंच चालू असतील, तर ती ठाऊक असलेल्या माणसाला बाजारातून शेअर घेताच येत नाहीत. घेतले तर ते इनसायडर ट्रेडिंग. म्हणून कुजबुज चालू असताना वरिष्ठांचा ताजा ‘पी’ दिसला की मी उलट समजते: निदान त्या माणसाच्या टेबलावर तरी सौदा नसावा.

आणि सही झालेला सौदाही पार पडेलच असं नाही. क्वालकॉमने एनएक्सपी ही चिप कंपनी घ्यायचा सौदा 2016 मध्ये ठरला; चीनची मंजुरी आली नाही म्हणून जुलै 2018 मध्ये मोडला आणि क्वालकॉमला एनएक्सपीला 2 अब्ज डॉलर द्यावे लागले. इंटेल टॉवर ही चिप कंपनी घेणार होती, त्याचंही 2023 मध्ये मंजुरीवाचूनच फिसकटलं. एएमडी या चिप कंपनीने झायलिंक्स घ्यायचा सौदा मात्र झाला: ऑक्टोबर 2020 मध्ये आधी बातमी, त्याच महिन्यात करार, फेब्रुवारी 2022 मध्ये पूर्ण. त्या सौद्याच्या दस्तऐवजातला ‘बॅकग्राउंड ऑफ द मर्जर’ हा भाग जरूर वाचा. कोणी कोणाला कधी गाठलं, बोलणी कशी पुढे सरकली, ते तारीखवार दिलेलं असतं. अफवा छापून आली तेव्हा आत काय चाललं होतं, हे इतकं स्वच्छ मला दुसरीकडे कुठे वाचायला मिळालं नाही.

तक्रारी आहेतच. साइट रुक्ष आहे, नवख्याला फॉर्मच्या नंबरांवरून काही उमगत नाही. मोबाइलवर तक्ता आडवा सरकवत बसावं लागतं, त्यात तळटिपा राहून जातात. लॅपटॉपवर उघडा. पाचपैकी साडेचार तारे. अर्धा त्या मोबाइलपायी कापला.