स्लीपिंग बॅग: पिसांची की सिंथेटिक?

नागपूरच्या ४५ अंशांत घाम पुसत उणे १० अंशांच्या थंडीसाठीची स्लीपिंग बॅग निवडायची, म्हणजे गंमतच! पण मे महिन्यात हिमालयात सहा दिवसांच्या ट्रेकला निघायचं तर ठरवावं लागतंच.

सारख्याच उबेसाठी पिसांची बॅग साधारण सव्वा किलो भरते, सिंथेटिक, म्हणजे आत कृत्रिम धागे भरलेली, दोनच्या आसपास. पिसं दाबली की जागाही कमी घेतात. सहा दिवस पाठीवर वाहताना हा पाऊण किलो चांगलाच जाणवतो. मात्र पिसं भिजली की त्यांचे गोळे होतात आणि ऊब गेली. सिंथेटिक ओली झाली तरी थोडीफार ऊब धरते, लवकर वाळते, स्वस्तही पडते.

उंचावरच्या कोरड्या थंडीसाठी मी पिसांचीच घेईन, वॉटरप्रूफ पिशवीत घालून. पावसाळी ट्रेकला सिंथेटिक. आणि हो, घरी पिसांची बॅग आवळून ठेवू नका. कूलरच्या दमट खोलीत तर नकोच.