दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, एका पावसाळ्यानंतर: आवाज झकास, ड्रायव्हर खोटारडा

सर्व्हिस सेंटरचा मेल आला म्हणून लिहायला बसलोय. ‘यूएसबी सॉकेटमध्ये ओलाव्यामुळे गंज, वॉरंटी लागू नाही.’ सोबत हिरवट पडलेल्या सॉकेटचा फोटो. डब्यावर, म्हणजे गिटार कॉम्प्युटरला जोडणाऱ्या या इंटरफेसवर, कधी चहा सांडला नाही की पाणी पडलं नाही. तो फक्त देवगडात राहिला. किनाऱ्यावरच्या गिऱ्हाइकाला वॉरंटी द्यायची नसेल तर खोक्यावर तसं छापा ना! जाता-येताचं कुरिअर माझ्याच खिशातून. शेवटी कणकवलीच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांनी दीडशे रुपयांत सॉकेट बदलून दिलं. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच जाहिरात कशाला.

आता डब्याबद्दल. स्पेक्स सगळ्यांना पाठ आहेत, ते सोडतो. गिटार थेट केबलनं आत आणि ड्रम सॉफ्टवेअरमधले, त्यामुळे खोलीत माइकच नाही. जुलैत पडवीच्या पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना, आणि रेकॉर्डिंगमध्ये त्याचा थेंबही नाही. या एका गोष्टीसाठी पैसे वसूल.

सुरुवातीला लेटन्सीवरून, म्हणजे आवाज उशिरा येण्यावरून, मी याला खूप नावं ठेवली. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका घासात घेतो ते आवाजाचे बारीक तुकडे (सॅम्पल), ६४ वर आणला की जुना लॅपटॉप तडतडायचा, ५१२ वर नेला की तार छेडल्यावर सूर मागून यायचा. डायरेक्ट मॉनिटर चालू केल्यापासून ती तक्रार उरली नाही: गिटार डब्यातूनच कानात येते, कॉम्प्युटरला फक्त ड्रम वाजवायचे असतात. बफर आरामात २५६ वर.

पण खरी मेख पुढे आहे. ड्रम कानापर्यंत पोचायला लागणारा वेळ आणि गिटार आत जायला लागणारा वेळ, दोन्ही ड्रायव्हर (डबा आणि कॉम्प्युटर यांच्यातलं दुभाषी सॉफ्टवेअर) रीपरला, म्हणजे मी ज्यात रेकॉर्ड करतो त्या सॉफ्टवेअरला, सांगतो, आणि रीपर तेवढी गिटार आधी सरकवून ड्रमवर बसवतो. हा ड्रायव्हर आकडा कमी सांगतो! आउटपुटची केबल इनपुटमध्ये खुपसली, ड्रमची एक टिचकी वाजवून रेकॉर्ड केली आणि वेव्ह ताणून बघितली: ३१२ सॅम्पल उशिरा. सेकंदाला ४८,००० सॅम्पलच्या रेटला म्हणजे साडेसहा मिलिसेकंद.

आमचे भावोजी आर्केस्ट्रात बेस वाजवतात. ते म्हणाले, “स्टेजार ड्रमवालो सात-आठ फुटांर बसता, तेव्हा तुका कळता काय रे?” हिशेब त्यांचा बरोबर आहे; तेवढ्या वेळात आवाज तेवढंच अंतर कापतो. पण पहिली गिटार ऐकून दुसरी वाजवली की ती ड्रमच्या तेरा मिलिसेकंद मागे, दुसरीवर तिसरी चढवली की साडेएकोणीस. मग सगळं गाणं लंगडतं आणि आपण बोटांना दोष देत बसतो. रीपरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये मॅन्युअल ऑफसेटचा रकाना आहे, तिथं आकडा भरला की काम फत्ते. बफर बदलला तर पुन्हा मोजा. मुळात गिऱ्हाइकानं हे का मोजायचं? मॅन्युअलमध्ये यावर एक ओळ नाही, स्टिकर मात्र चार दिलेत.

ड्रमवर मी दमडी खर्च केलेली नाही. एमटी पॉवर ड्रमकिट हे ड्रमचं सॉफ्टवेअर फुकट आहे. तयार ठेके विलायती, आपल्या भजनाला त्यांचा उपयोग नाही. दादरा हातानं भरला: सहा चौकोन, पहिल्या मात्रेला किक (पायाचा मोठा ड्रम), हाय-हॅट (जोडझांज) चालू, चौथ्या मात्रेला खाली, म्हणजे हलकी मात्रा, म्हणून तिथं किक नाहीच, नुसती रिमची टिक. प्रत्येक ठोक्याचा जोर थोडा कमीजास्त केला नाही तर मात्र शिलाईमशीन चालल्यासारखं वाटतं. रीपर ६० दिवस फुकट वापरता येतो, मग घरगुती वापराचा परवाना ६० डॉलर. तो घेतला, आणि त्याचं दुःख नाही.

घरघरीबद्दल: चार्जर लावला की घूंऽऽ, तारेला हात लावला की झिणझिण्या. चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड केलं की गायब. वायरमन म्हणाला, सड्यावर जांभा आहे, मेमध्ये अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. दोन कळश्या पाणी ओतल्यावर घरघर बरीच उतरली. हा गुन्हा डब्याच्या माथी मारत नाही.

गेनचं (आत येणाऱ्या आवाजाचा जोर वाढवायचं) बटण श्रावणापासून खरखरतंय. आता इंटरफेस झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट ठेवतो. पाचपैकी साडेतीन, अर्धा ड्रायव्हरपायी कापला, एक सर्व्हिस सेंटरपायी. नवीन ड्रायव्हर टाकून कोणी लूपबॅक (वर सांगितलेली केबल खुपसून केलेली मोजणी) मोजला असेल, तर आकडा आणि बफर दोन्ही लिहा, नुसतं ‘माझं बरोबर चालतं’ नको.