शाळा, गाव की दुकान: आदिवासी मुलांमधला लठ्ठपणा रोखायचा तर पैसा कुठे लावावा?

समजा, तीन वर्षांचा निधी मंजूर झालाय. आदिवासी मुलांमधला लठ्ठपणा आणि त्यामागून येणारा मधुमेह रोखायचाय, पण पैसा एकाच कामाला पुरेल इतकाच आहे. शाळेत शिकवायचं, सगळं गावाच्या हाती सोपवायचं, की दुकानात काय विकलं जातं ते बदलायचं? उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजांनी आणि ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांनी हे तिन्ही करून पाहिलंय. माझं मत आधीच सांगते: सुरुवात मुलांना पाठ देण्यापासून करू नका.

शाळा सगळ्यांना पहिल्यांदा सुचते, कारण मुलं तिथे एकत्र सापडतात. या मार्गाची सर्वांत कसून परीक्षा झाली ती अमेरिकेतल्या 'पाथवेज' प्रकल्पात. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि साउथ डाकोटा इथल्या मूलनिवासी समाजांच्या 41 शाळा, 1,704 मुलं, तिसरी ते पाचवी अशी सलग तीन वर्षं. वर्गात आहाराचे पाठ, खेळाचे जास्त तास, शाळेच्या जेवणात कमी तेल-चरबी, शिवाय घरच्यांसाठी कार्यक्रम. निम्म्या शाळांत हे सगळं केलं, निम्म्यांत नाही, आणि कोणती शाळा कुठल्या गटात जाईल हे नशिबावर सोडलं. निकाल 2003 साली प्रसिद्ध झाला. मुलांना आहाराची समज जास्त आली होती, त्यांच्या खाण्यातली चरबीही घटली होती; पण दोन गटांतल्या मुलांच्या अंगावरच्या चरबीत फरक पडला नव्हता. इतकी तयारी आणि इतका पैसा ओतूनही. संशोधकांनी हे स्वच्छपणे मांडलं, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

असं का झालं असावं, हे समजून घ्यायला पिमा या मूलनिवासी लोकांकडे बघावं. या समाजाचे काही लोक अ‍ॅरिझोनात राहतात, काही सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरांत. रक्ताचं नातं जवळचं. 2006 साली छापून आलेल्या पाहणीत अ‍ॅरिझोनातल्या प्रौढ पिमांमध्ये मधुमेहाचं प्रमाण 38 टक्के होतं, मेक्सिकोतल्यांमध्ये 6.9 टक्के. डोंगरातले पिमा अजून शेतात राबत होते, मका-घेवडा खात होते. अ‍ॅरिझोनातल्या पिमांची शेती हिला नदीच्या पाण्यावर होती. ते पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वरच्या अंगाला आलेल्या वसाहतींनी वळवलं, शेती बसली, आणि ताटात सरकारी मदतीचा मैदा, साखर आणि चरबी आली. नदीच तोडून नेली असेल तर तिसरीतल्या मुलाला 'भाज्या खा' सांगून कितीसा फरक पडणार?

गावाने स्वतः चालवलेल्या कामाचं उदाहरण कॅनडातलं. मॉन्ट्रियलला लागून असलेल्या कानावाकेमध्ये मोहॉक हे मूलनिवासी लोक राहतात. तिथल्या डॉक्टरांनी 1980 च्या दशकात गावातल्या मधुमेहाचे आकडे समोर ठेवले, तेव्हा वडीलधाऱ्यांनी विचारलं की पोरांसाठी काय करता येईल. त्यातून 1994 साली शाळांमधला मधुमेह प्रतिबंध प्रकल्प उभा राहिला. सल्लागार मंडळ गावकऱ्यांचं. संशोधकांनी कसं वागायचं याची आचारसंहितासुद्धा गावाने त्यांच्यासोबत बसून लिहिली. शाळेत चटकमटक खाणं बंद झालं, चालायला-सायकल चालवायला वाट झाली.

मोजमाप मात्र इथेही कडवट निघालं. सुरुवातीच्या वर्षांत मुलांच्या त्वचेखालच्या चरबीत थोडी सुधारणा दिसली. आठ वर्षांनी पाहिलं तर वजन-उंचीच्या प्रमाणावर परिणाम टिकलेला नव्हता. मग याला अपयश म्हणायचं का? मी म्हणणार नाही. 'पाथवेज' निधीसोबत आला आणि निधीसोबत गेला. कानावाकेचं काम दशकांनंतरही सुरू राहिलं. पण तुमच्याकडे तीनच वर्षं असतील आणि शेवटी कुणाला तरी वजनाचा तक्ता दाखवायचा असेल, तर हा मार्ग तुम्हाला तोंडघशी पाडेल. तेव्हा देणगीदाराशी आधीच स्पष्ट बोलून घ्या.

आता दुकान. नवाहो नेशन हा अमेरिकेतल्या नवाहो मूलनिवासींचा, त्यांचं स्वतःचं सरकार असलेला प्रदेश. तो सुमारे 70,000 चौरस किलोमीटर, म्हणजे विदर्भाच्या जवळपास पाऊण, आणि त्यात पूर्ण किराणा मिळेल अशी दुकानं जेमतेम 13. बाकी पेट्रोल पंपाला जोडलेली, जिथे शीतपेयं आणि वेफर्स हमखास, सफरचंद क्वचित. 2014 साली नवाहो सरकारने ताज्या फळभाज्यांवरचा 5 टक्के विक्रीकर काढला आणि निकस खाण्यापिण्यावर 2 टक्के जादा कर बसवला. तो एप्रिल 2015 पासून लागू झाला. अमेरिकेत असा कर लावणारे ते पहिले. पैसा गावोगावच्या चॅप्टरकडे, म्हणजे त्यांच्या ग्रामसभेसारख्या संस्थांकडे जातो आणि त्यातून हरितगृहं, चालायच्या वाटा, व्यायामाचं साहित्य असं काहीबाही उभं राहतं.

दोन टक्के फारच थोडे, हे मान्य करायला हवं. दोन डॉलरच्या बाटलीवर चार सेंट; त्याने कुणाचा हात मागे येत नाही. किंमत हलवायची तर ठळक हलवावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या 20 दूरच्या दुकानांत फळं, भाज्या आणि पाण्यावर 20 टक्के सूट दिली, तेव्हा फळभाज्यांची खरेदी साधारण 12 टक्क्यांनी वाढली. सवलत देणं खर्चिक. त्याहून स्वस्त प्रयोग पुढे 2018 साली झाला: गोड पदार्थांवर सवलती नाहीत, कपाटांच्या रांगेच्या टोकाला त्यांची मांडणी नाही, मोठ्या बाटल्या फ्रीजमध्ये दर्शनी नाहीत. 12 आठवड्यांत साखरेची विक्री जवळपास 3 टक्क्यांनी घटली आणि दुकानांचा धंदा बुडाला नाही. आकडा लहान आहे, पण तो कुणालाही उपदेश न करता, सगळ्या गिऱ्हाइकांमध्ये मिळून आलाय. यातही मुलांची वजनं घटल्याचा पुरावा नाही. मोजली गेली ती विक्री.

तरी निवड करायची तर मी दुकान निवडेन, आणि निर्णय कानावाकेसारखा गावाच्या हातात ठेवेन. शाळेकडून एवढंच मागेन की जेवण नीट असावं आणि प्यायला स्वच्छ पाणी असावं. पाण्याचं म्हणणं किरकोळ नाही. नवाहो प्रदेशात 30 टक्क्यांच्या आसपास घरांत नळ नाही. तिथे गोड पेयाची बाटली ही नुसती चैन नसते.

आपल्याकडे नंदुरबार, मेळघाट, गडचिरोलीत पहिला प्रश्न कुपोषणाचाच आहे, तो बाजूला सारून लठ्ठपणाचे कार्यक्रम नेणं चूक ठरेल. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळच्या खेड्यांतल्या बाळांवर केलेल्या अभ्यासाने दाखवलंय की आपली बाळं वजनाला कमी असूनही अंगाने तुलनेने चरबीदार असतात. ती खेडी आदिवासी नव्हती. तरीही पोटात असताना उपाशी राहिलेलं मूल पुढे पाच रुपयांच्या पुड्यांवर वाढलं तर काय होईल, याची काळजी मला नंदुरबारच्या मुलांबद्दलही वाटते. हे पुडे आता पाड्यापाड्यावरच्या टपरीत लटकतात.

म्हणून इथे काम करणार असाल तर पहिले दोन महिने वजनकाटा काढू नका. आश्रमशाळेच्या आजूबाजूला कोणत्या टपऱ्या आहेत, त्यांत माल कोण टाकतो, पोरं कशावर किती पैसे घालवतात, शाळेतल्या नळाला दुपारी पाणी असतं का, हे पाड्यातल्या बायकांना सोबत घेऊन लिहून काढा. आणि तीच वही ग्रामसभेत वाचा.